गोल्फचा खेळ : एकेक होल कसा खेळावा

आजवर या स्मरणिकेत आम्ही जे काही लिहिले, ते तुरीची प्रतवारी, गोदामातील कीड आणि वजनातील घट अशा विषयांवर. यंदा आम्ही गोल्फवर लिहीत आहोत हे पाहून बेल्याची मंडळी हसतील, याची आम्हांस कल्पना आहे. पैनगंगेच्या या काठी कापूस आहे, सोयाबीन आहे, तूर आहे. गोल्फचे मैदान नाही, आणि असते तरी भर हंगामात तिकडे फिरकावयास सवड कोणास? तथापि आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज हैदराबाद, पुणे, मुंबई येथे राहतात, तेथील क्लबांत जातात, आणि सणासुदीस घरी आली म्हणजे त्यांच्या तोंडी 'पार', 'बर्डी', 'बोगी' असे शब्द येतात. हा खेळ आहे तरी काय, आणि त्यात डोके कसे चालवावे लागते, हे घरच्या वडील माणसांस ठाऊक असलेले बरे. शिवाय चाळीस वर्षे काट्याजवळ बसून जे आम्हांस उमगले नव्हते, ते या खेळाने उमगले. म्हणून हा खटाटोप.

आमचा या खेळाशी संबंध आला तो २०१८ साली. हृदयाचा विकार झाल्यामुळे आम्ही पुण्यास मुलीकडे दोन महिने राहिलो होतो. डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितले. आमचे व्याही तेथील एका क्लबाचे जुने सभासद, ते म्हणाले, "नुसते चालण्यापेक्षा आमच्याबरोबर चला." अठरा होल पुरे खेळावयाचे म्हणजे सात-आठ हजारांहून अधिक पावले सहज होतात. चालणे झाले आणि खेळही अंगी लागला. आता प्रत्येक हिवाळ्यात पाच-सहा आठवडे आम्ही तेथे असतो.

आपल्या देशास हा खेळ नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला; ब्रिटनच्या बाहेर इतका जुना क्लब दुसरा नाही. मुंबईत विलिंग्डन क्लब १९१८ सालचा, तर चेंबूरचे मैदान १९२७ सालच्या क्लबाचे. नाशिकच्या ज्या मैदानावर आज क्रिकेटचे सामने होतात, त्यास हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. परंतु जुने लोक अजूनही त्यास 'गोल्फ क्लब मैदान' असेच म्हणतात. आपल्या राज्यात गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याच्या परिसरात हैदराबादचे गोल्फ मैदान आहे. तटबुरुजांच्या सावलीत माणसे काठी घेऊन चेंडूमागे चाललेली पाहून आम्हांस पहिल्यांदा मोठी मौज वाटली होती.

आता मुख्य विषयाकडे वळू. लहानपणी गोट्या खेळताना टाचेने आपण जमिनीत जी गल करीत होतो, तशीच गोल्फमध्येही एक गल असते. तिचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर; हे माप १८९१ साली ठरले, ते आजतागायत तेच आहे. या गलीस 'होल' म्हणतात. परंतु जेथून पहिला टोला मारावयाचा ती जागा, तेथून गलीपर्यंतचा सारा पट्टा, यासही 'होल' हेच नाव आहे. नवख्या माणसाचा येथेच घोटाळा होतो. या लेखापुरते आम्ही भोकास 'गल' आणि पट्ट्यास 'होल' म्हणू.

होलाच्या आरंभीची सपाट जागा ती 'टी'. तेथून पुढे कापलेल्या गवताची रुंद वाट असते, तिला 'फेअरवे' म्हणतात. तिच्या दोहों बाजूंस वाढलेले गवत व झाडे, तो 'रफ'. अधूनमधून वाळूचे खड्डे, ते 'बंकर'. शेवटी गालिच्यासारखे बारीक कापलेले वर्तुळ, ते 'ग्रीन'. त्यात गल आणि गलीत निशाण. पुरे मैदान म्हणजे असे अठरा होल. अंतर यार्डांत मोजतात. यार्ड म्हणजे आपला कापडाचा वार.

चांगल्या खेळाडूस एक होल पुरा करावयास किती टोले लागावेत, याचा ठराव म्हणजे 'पार'. वडाचा पार नव्हे. दीडशे-दोनशे यार्डांच्या आखूड होलाचा पार तीन, चारशेच्या आसपासचा चार, आणि पाचशेच्या आसपासचा पाच. या प्रत्येक आकड्यात शेवटचे दोन टोले ग्रीनवर चेंडू हळू ढकलण्याचे धरलेले असतात. पारापेक्षा एक टोला कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. अठरा होलांची बेरीज बहुधा सत्तर ते बहात्तर होते.

येथवर सर्व सोपे आहे. खरी गंमत पुढे आहे. हा ठराव निष्णातांसाठी केलेला. आमच्यासारख्यांस त्यात सूट मिळते. तिला 'हँडिकॅप' म्हणतात. २०२० सालापासून जगभर तिची एकच पद्धती लागू झाली, आणि नवख्यास जास्तीत जास्त ५४ टोल्यांपर्यंत सूट मिळू शकते. आमची सूट सध्या सत्तावीस. म्हणजे अठरा होलांवर प्रत्येकी एक, आणि जे नऊ होल अधिक कठीण मानले आहेत त्यांवर आणखी एक. कोणता होल किती कठीण, याचा क्रमांक पत्रकावर छापलेला असतो. हा क्रमांक वाचल्यावाचून जो पहिला टोला मारतो, तो उतारा न पाहता जमीन घेणारा समजावा.

याचा अर्थ काय ते हिशेबाने पाहू. चारशे यार्डांचा, पार चारचा, कठीण क्रमांकाचा एक होल समोर आहे. आम्हांस दोन सूट. तेव्हा आमचा पार झाला सहा. आमच्या पिशवीत एक काठी अशी आहे की तिने चेंडू एकशे चाळीस यार्ड जातो आणि दहांत आठ वेळा सरळ जातो. तीन वेळा एकशे चाळीस म्हणजे चारशे वीस. तीन साध्या टोल्यांत चेंडू ग्रीनवर पोहोचला; दोन ढकलण्याचे; एकूण पाच. ठरावापेक्षा एक कमी! पिशवीतील सर्वांत लांब काठी, जिला 'ड्रायव्हर' म्हणतात, तिला हात लावण्याचेही कारण पडले नाही. तरुण मंडळी मात्र टीवर आली की प्रथम तीच काढतात. ती बरी बसली तर दोनशे यार्ड. वाईट बसली तर चेंडू शोधण्यात पाव तास. वास्तविक नियमाने शोधावयास मिळतात तीनच मिनिटे. पण मित्रामित्रांत ते कोण पाहतो? नियमाने पिशवीत चौदा काठ्या नेता येतात. आमचा अनुभव असा, की आमच्या वयाच्या माणसाने सहा-सात न्याव्यात आणि त्यांतील दोन नीट ओळखाव्यात.

हे शहाणपण आमचे नव्हे. ते आम्हांस एका कॅडीने शिकविले. कॅडी म्हणजे पिशवी वाहणारा आणि वाट दाखविणारा सोबती. आमच्या सोबत असतात ते गृहस्थ पन्नाशीचे, लहानपणापासून त्याच मैदानावर वाढलेले. तेथील एका होलाचे अंतर दीडशे यार्डांहून थोडे कमी, पार तीन. ग्रीनच्या उजव्या अंगास तळे. त्या दिवशी निशाण नेमके तळ्याच्या बाजूस रोवले होते. आम्ही निशाणावर नेम धरून मारला, चेंडू तळ्यात. एक दंड. पुन्हा मारला, पुन्हा तळ्यात. तिसराही त्याच वाटेने गेला. तेव्हा त्या गृहस्थांनी काठी आमच्या हातून घेतली आणि म्हणाले, "शेठ, चांगला बसला तर कुठं जाईल ते सगळ्यांनाच माहीत असतं. वाईट बसला तर कुठं जाईल, ते आधी सांगा."

आम्ही गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी त्यांनी आम्हांस ग्रीनच्या डाव्या कडेकडे तोंड करून उभे केले. तेथून टोला थोडा उजवीकडे सरकला तरी ग्रीनवर, सरळ गेला तरी कडेच्या गवतावर; तळ्यात जाण्यास फारच मोठी चूक करावी लागली असती. चेंडू कडेच्या गवतावर पडला. तेथून एक हलका टोला, दोन ढकलण्याचे, एकूण चार. सूट एक, म्हणजे बरोबर पार. आदल्या दिवशी त्याच होलावर आमचे नऊ झाले होते.

तेव्हापासून टीवर उभे राहिलो की आम्ही प्रथम निशाणाकडे पाहात नाही. तोटा कोणत्या बाजूस आहे ते पाहतो. तोट्याचेही प्रकार आहेत. चेंडू तळ्यात गेला तर एक टोल्याचा दंड, पण पुढील टोला तळ्याजवळून मारता येतो. चेंडू मैदानाच्या कुंपणाबाहेर गेला तर दंड एक, आणि शिवाय मूळ जागेवर परत येऊन मारावयाचे. पहिल्यात माल भिजला पण गाडी पुढे गेली. दुसऱ्यात मालही गेला आणि गाडीही परत मंडीत आली. म्हणून एका बाजूस तळे व दुसऱ्या बाजूस कुंपण असेल तर तळ्याकडे थोडे झुकलेले बरे. आणखी एक युक्ती आहे, ती प्रथम उलटी वाटते. धोका उजवीकडे असेल तर टीच्या उजव्याच टोकास उभे राहावे. तेथून डावीकडे मारताना धोक्यापासून दूर जाणारी दिशा आपोआप मिळते आणि समोर रुंद वाट उघडते. आम्हांस हे पटावयास एक हिवाळा लागला.

पार पाचच्या लांब होलावर हिशेब शेवटाकडून मांडावा. पाचशे यार्डांचा होल घ्या. आमचा हातखंडा टोला नव्वद यार्डांचा. मग गलीपासून नव्वद यार्डांवर चेंडू आणून ठेवावयाचा, हे आधी ठरले. राहिले चारशे दहा. ते आमच्या तीन साध्या टोल्यांचे काम. जो पुढून हिशेब मांडतो तो दोन जबर टोल्यांनी गलीपासून चाळीस-पन्नास यार्डांवर येऊन उभा राहतो, आणि तेथून अर्धवट ताकदीचा टोला मारावा लागतो. अर्धवट टोला सर्वांत अवघड. वळणाच्या होलावर कोपऱ्यातील झाडांवरून चेंडू उडवून वाट कापण्याचा मोह होतो. त्यात चाळीस यार्ड वाचतात. ते चाळीस यार्ड आपणास पुढे खरोखर उपयोगी पडणार आहेत काय, एवढे विचारावे. बहुधा पडत नाहीत. चेंडू झाडांत गेलाच तर फांद्यांच्या फटीतून ग्रीनकडे मारू नये. आडवा मारून वाटेवर आणावा. एक टोला जातो, परंतु एकच जातो.

हवामानाचेही भान हवे. पुण्याकडे माघ-फाल्गुनात जमीन कडक होते, चेंडू पडल्यावर वीस-वीस यार्ड घरंगळतो. तेव्हा ग्रीनच्या अलीकडे टाकावा. पावसाळ्यानंतर तोच चेंडू पडेल तेथे रुततो. पावसाळ्यातील खेळाविषयी आम्हांस सांगता येणार नाही, कारण चातुर्मासात हिरवळीवर पाय ठेवावयाचा नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे आणि ते आम्हांस मान्य आहे.

मोठ्या खेळाडूंसही हा हिशेब चुकतो. स्कॉटलंडातील कार्नूस्टी येथे १९९९ साली ब्रिटिश ओपन स्पर्धेत झाँ व्हान द व्हेल्ड नावाचा फ्रेंच खेळाडू शेवटच्या होलावर आला तेव्हा तो तीन टोल्यांनी पुढे होता. होल पार चारचा. त्यास सहा टोले लागले असते तरी अजिंक्यपद त्याचेच होते. त्याने टीवर ड्रायव्हर काढला. चेंडू उजवीकडे भरकटला, पण बचावला. तेथून आखूड टोला मारून ओढ्याच्या अलीकडे थांबावयाचे. त्याऐवजी त्याने सरळ ग्रीनचा नेम धरला. चेंडू प्रेक्षकांच्या सज्जावर आपटला, उलटून ओढ्याच्या दगडी भिंतीवर आदळला आणि दाट गवतात येऊन पडला. पुढचा टोला ओढ्यात. बूट-मोजे काढून, विजार गुडघ्यापर्यंत वर घेऊन तो पाण्यात उभा राहिला. मग विचार बदलून त्याने दंड घेतला. त्यानंतरचा चेंडू बंकरमध्ये. एकूण सात झाले, तिघे बरोबरीत आले, आणि जादा होलांत पॉल लॉरी जिंकला, जो त्या दिवसाच्या आरंभी दहा टोल्यांनी मागे होता.

ही हकीकत व्याह्यांनी सांगितली तेव्हा त्यांच्याकडील मंडळी हसली. आम्हांस हसू आले नाही. २०१५ च्या अखेरीस तुरीचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, हे आपणा सर्वांस स्मरत असेल. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गोदामात साठ्याच्या मर्यादेत बसेल इतकी तूर होती आणि नफा समोर दिसत होता. श्रावणात चिरंजीव म्हणाले, "बाबा, निम्मी काढून टाकू." पेरणी वाढली होती, पाऊस चांगला होता; त्याचे म्हणणे बिनचूक होते. आम्ही त्यास म्हणालो, तुला बाजार कळतो की आम्हांस? २०१७ च्या हंगामात तूर ५०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेली. घाटा भरून काढण्यास मंडीजवळची जागा विकावी लागली. ती जागा चिरंजीवांच्या स्वतंत्र दुकानासाठी घेतलेली होती. तो एका शब्दानेही बोलला नाही, आणि पुढे दोन वर्षे व्यवहारात त्याने आम्हांस काही सुचविलेही नाही. त्या फ्रेंच खेळाडूस सहा टोले पुरे होते. आम्हांसही निम्मी तूर विकून पुरे होते.

खेळाचा जमाखर्च कोणत्या पद्धतीचा, यावरही डाव ठरतो. सर्व टोल्यांची बेरीज धरली तर एका होलावरचा मोठा घाटा अठरा होलांस बुडवितो. इंग्लंडातील डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड यांनी दुसरी रीत काढली. ती १९३२ सालापासून रूढ झाली. तीत आपल्या सुटीसह पार झाला तर दोन गुण, एक कमी टोला लागला तर तीन, एक जास्त लागला तर एक गुण. त्याहून वाईट झाले तर शून्य, मग टोले कितीही होवोत. येथे बुडालेला होल त्याच पानावर बंद होतो. म्हणून या रीतीत अधूनमधून धाडस परवडते, आणि होल हातचा गेला की चेंडू उचलून पुढे चालावे. नवख्यांनी हीच रीत धरावी. सोबत्यांचाही वेळ वाचतो.

ग्रीनवरील खेळ लोक किरकोळ समजतात. टोल्यांचा मोठा भाग तेथेच खर्च होतो. चढावर ढकलणे सोपे, उतारावर कठीण. म्हणून शक्य तर चेंडू गलीच्या खालच्या अंगास आणावा. लांबून ढकलताना गलीचा नेम न धरता बैलगाडीच्या चाकाएवढे वर्तुळ मनात आखावे आणि त्यात चेंडू थांबवावा. दिशा चुकली तर हातभर चुकते. जोर चुकला तर चेंडू कोठच्या कोठे जातो. सेंट अँड्र्यूज येथील सतराव्या होलाचे ग्रीन अरुंद आहे. अलीकडे खोल बंकर, पलीकडे सडक. १९७८ साली जपानचा नाकाजिमा दोन टोल्यांत तेथे पोहोचला, चांगला लौकर पोहोचला, आणि ग्रीनवरून ढकललेला चेंडू घरंगळून त्या बंकरमध्ये गेला. बाहेर काढावयास चार टोले. होलाचे झाले नऊ. उलटपक्षी एकेका टोल्याची किंमत काय असते, ते आपल्या अदिती अशोकला विचारावे. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. कांस्यपदक एका टोल्याने हुकले. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने हाही खेळला.

खर्चाविषयी पुष्कळजण विचारतात. सभासदत्व महाग आहे. पाहुणा म्हणून खेळणे परवडते. काठ्या जुन्या घ्याव्यात. खाण्यापिण्याची अडचण म्हणाल, तर घरून उकळून गार केलेले पाणी व डबा न्यावा. कोणी आग्रह करीत नाही. खेळ उजेडीच संपतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणास घरी येता येते.

एक प्रथा मात्र व्यापाऱ्यास विशेष आवडेल. स्पर्धेत आपले पत्रक आपण लिहावयाचे नसते. आमचे टोले व्याही लिहितात, त्यांचे आम्ही. शेवटी दोघांच्या सह्या. चूक लिहून कमी आकड्यावर सही केली तर बाद.

गेल्या हिवाळ्यात चिरंजीव पुण्यास आले होते. अठराव्या होलावर ते आमच्याबरोबर चालत होते. त्या होलावर ग्रीनच्या अलीकडे ओढा आहे. दोन टोल्यांनंतर चेंडू बऱ्या जागी होता. ग्रीन एकशे साठ यार्डांवर, आणि लांब काठी मारली तर पोहोचण्याजोगे. कॅडीने पिशवी पुढे केली. आम्ही चिरंजीवांस विचारले, "काय करावे?" त्यांनी ओढ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाबा, अलीकडे टाका." आम्ही आखूड काठी घेतली. चेंडू ओढ्याच्या अलीकडे वीस पावलांवर थांबला. तेथून एक टोला ग्रीनवर, दोन ढकलण्याचे. सहा. व्याह्यांनी आकडा लिहिला, सह्या झाल्या. क्लबाने नोंद करून परत दिलेले पत्रक चिरंजीवांनी एकदा वाचले, घडी करून खिशात ठेवले, आणि जेवणास उशीर होईल म्हणून आम्ही घाईने घरी निघालो.